बोडक्या डोक्याचा पाहुणा

सीतारामबुवा गोताडांना आयुष्यात दोनच गोष्टींचा गर्व होता, आणि त्यातली एक त्यांना धड सांगता येत नव्हती.

पहिली म्हणजे शाहिरी. आजोबा संगमेश्वराकडून मुंबईला गिरणीत आले, वडीलही गिरणीतच झिजले, बुवा स्वतः मुलुंडच्या एका कारखान्यात लेथ मशीनवर उभे राहून निवृत्त झाले. पण गळ्यात सूर तिघांच्याही एकच, कोकणातल्या जाखडी नाचाचा. कारखान्यात बुवांना कोणी फारसं विचारत नसे. मात्र भांडुपपासून पार बोरिवलीपर्यंत कोकणच्या माणसांत 'तुरेवाले सीतारामबुवा' म्हटलं की लोक बसायला खुर्ची देत आणि चहा सांगत.

दुसरी म्हणजे मुलगी श्रुतिका. ती पीएचडी करत होती. कशात, हे सांगताना बुवांची गाडी अडायची. "विषाणू शरीरात शिरला की..." इथवर ते झोकात येत आणि मग "पुढचं मोठं आहे ते" म्हणून विषय बदलत. 'आमची श्रुतिका डॉक्टर होणार' असं त्यांनी सोसायटीभर सांगून ठेवल्यामुळे लोक गुडघे आणि ब्लडप्रेशर घेऊन दारात यायला लागले होते. श्रुतिका बिचारी प्रत्येकाला समजावायची की मी औषध देणारी डॉक्टर नव्हे. लोक "असं होय" म्हणून मान डोलवायचे आणि जिना उतरताना "मग शिकते तरी काय एवढी वर्षं?" असं बोलायचे. जिन्यातलं बोलणं बुवांच्या खिडकीत स्वच्छ ऐकू यायचं. राग यायचा, पण उत्तर यायचं नाही, आणि शाहिराला उत्तर येऊ नये यासारखी नामुष्की दुसरी नाही.

अशात गणपतीआधीच्या रविवारी मुलुंडच्या नाट्यगृहात शक्ती-तुऱ्याचा सामना ठरला.

ज्यांनी असा सामना पाहिला नसेल त्यांनी घाबरून जाऊ नये, प्रकरण सोपं आहे. एक शाहीर शक्तीचा, म्हणजे देवीच्या बाजूचा, एक तुऱ्याचा, म्हणजे शंकराच्या. मध्ये ढोलकी, भोवती घुंगरू बांधून जाखडीचा फेर धरणारी पोरं. आधी देवाचा गण, मग गवळण, मग एकमेकांना मनसोक्त टोमणे, आणि शेवटी सवाल. एकानं गाण्यातून विचारायचा, दुसऱ्यानं मध्यंतरानंतर गाण्यातूनच फेडायचा. सवाल टाकण्याआधी विचारणाऱ्यानं आपलं उत्तर पंचाच्या कानात सांगून ठेवायचं असतं. पुढच्याचं उत्तर त्याच्याशी जुळलं तर मानाचा नारळ त्याचा, नाही जुळलं तर विचारणाऱ्याचा. पंचाच्या कानात जे गेलं तेच खरं, त्यावर अपील नाही.

समोर होते घाटकोपरचे शक्तीवाले जयवंत रांबाडे. माणूस दिलदार, पण जिभेला धार अशी की न्हाव्यानं उसनी मागावी. गावच्या मांडवात बुवांनी त्याला पाणी पाजलं होतं, पण मुंबईत, आपल्या माणसांसमोर, कधीच नाही. दर वेळी नारळ घाटकोपरला जायचा. आणि यंदाचा हंगाम बुवांचा शेवटचा होता. घशाच्या डॉक्टरांनी, म्हणजे गोळ्या देणाऱ्या डॉक्टरांनी, साफ सांगितलं होतं की आता पुरे. बुवांना जाता जाता तो एक नारळ हवा होता. बाकी काही मागणं नव्हतं.

सामन्याच्या दिवशी नाट्यगृह भरलं होतं; सोसायटीतलीही काही मंडळी आली होती. तिसऱ्या रांगेत बुवांची बायको रत्नप्रभा नवी इरकली नेसून बसली होती आणि तिच्या शेजारी, रविवारीही अर्धा दिवस प्रयोगशाळेत काढून आलेली श्रुतिका. बुवांनी गण असा लावला की पहिल्या रांगेतल्या म्हाताऱ्यांनी डोळे मिटले. गवळणीला शिट्ट्या पडल्या. ढोलकीवर बुवांचा भाचा हर्षद, त्याचे हात तर त्या दिवशी जागेवर नव्हतेच.

मग जयवंत उभा राहिला. फेट्याचं टोक मागं टाकून त्यानं एकदा तिसऱ्या रांगेकडे पाहिलं.

'लेक शिकली, लेक शिकली, शिकतच राहिली बाई,
डॉक्टर म्हणवते, सर्दीवरती साधी गोळी देत नाही!'

नाट्यगृह हसून लोळलं. टोमण्याला रागवायचं नसतं, तो खेळच आहे; बुवांनी स्वतः जयवंतच्या टकलावर दोन कडवी रचली होती. पण बायकोवर बोल, टकलावर बोल, लेकीवर कशाला? श्रुतिकाही हसत होती, मात्र ते हसू कुठलं ते बापाला ओळखू येत होतं. जिन्यातले लोक गेल्यावर ती दार लावताना असंच हसायची.

जयवंतचं तेवढ्यानं भागलं नाही. त्यानं पंचाच्या, म्हणजे नानांच्या कानाला लागून काहीतरी सांगितलं. नाना जुने ढोलकीवाले, ऐंशीच्या घरातले, सगळ्यांना वडील. त्यांनी मान डोलवली आणि जयवंतनं सवाल टाकला:

'कधी न देखिला, कधी न ऐकिला, असा पाव्हणा आला रे,
नाव ना ठावं, गाव ना ठावं, देहात येऊन शिरला रे,
नव्हती लस नि नव्हता दवा, सांगा सीताराम शाहिरा,
पहिल्या प्रथम ओळखलं कोणी, कोण तो देतो पहारा?'

"विषाणूचा सवाल आहे, बुवा!" जयवंत माइकवर म्हणाला. "घरात सरस्वती आहे, बघू काय सांगते." टाळ्या झाल्या आणि मध्यंतराचा पडदा पडला.

मेकअपच्या खोलीत बटाटेवडे आले होते आणि आनंदीआनंद होता. हर्षदनं वडा तोंडात असतानाच जाहीर केलं, "मामा, नारळ आपला! अँटिबॉडी!"

"काय?"

"उत्तर हो. अँटिबॉडी. कोविडमध्ये पोरासोरांना पाठ झालं होतं. जयवंतभाऊंनी नानांच्या कानात दुसरं काय सांगितलं असणार?"

कोरसमधल्या सगळ्यांनी माना हलवल्या. बुवांनाही पटलं. डोक्यात शब्द जुळायला लागले सुद्धा. अँटिबॉडी उठली, समशेर उपसली, वैऱ्याचं खांडोळं केलं. वा! ढोलकीला जागा होती, पोरांना उड्या मारायला जागा होती. बुवा गुणगुणू लागले तेवढ्यात श्रुतिका थर्मासमधून गरम पाणी घेऊन आत आली.

"घसा शेका आधी," ती म्हणाली, आणि दोन ओळी ऐकून थबकली. "बाबा, हे गाणार?"

"झकास आहे ना?"

"चाल झकास आहे. उत्तर चूक आहे."

खोलीत वडे खाणं थांबलं.

"काय बोलतेस गो?" हर्षद म्हणाला. "अँटिबॉडी नसते?"

"असते रे. पण ती मागाहून येते. विषाणू अगदी नवीन असला तर शरीराला त्याची अँटिबॉडी बनवायला आठवडाभर तरी जातो, कधी जास्तही. जयवंतकाकांनी विचारलंय, पहिल्या प्रथम ओळखलं कोणी. ते काम दुसऱ्याच कोणाचं तरी."

"कोणाचं?" बुवांनी विचारलं. उत्तर येत नाही म्हटल्यावर शाहिराला बसवत नाही.

"ज्या पेशीत तो शिरतो, तिचंच."

"पण तिनं तर त्याला कधी बघितलेलाच नाही. ओळखते कशी?"

श्रुतिकानं खुर्ची ओढली. आजवर बुवांनी तिला घरी किती वेळा विचारलं होतं आणि दर वेळी तिच्या दुसऱ्या वाक्याला त्यांचं लक्ष उडालं होतं. आज त्यांनी पाण्याचा पेला हातात तसाच धरला होता.

"चेहऱ्यानं नाही ओळखत, बाबा. जगात विषाणू किती, चेहरे किती ध्यानात ठेवणार? असं बघा, पेशीच्या आत मधोमध एक खोली असते. तिथून सारखे निरोप बाहेर जात असतात, हे बनवा, ते बनवा. चिठ्ठ्याच म्हणा. आणि प्रत्येक चिठ्ठीच्या डोक्यावर आधी टोपी चढते, मगच ती बाहेर पडते. मस्करी नाही, आमच्यात त्याला टोपीच म्हणतात. विषाणू आत शिरला की तोसुद्धा स्वतःच्या चिठ्ठ्या सोडतो. त्यातल्या पुष्कळ बोडक्या असतात. नाहीतर दोन धाग्यांच्या, दुपेडी; आपल्या असतात एकपेडी. आता पेशीत पहारेकरी फिरत असतात. त्यांना बाकी काही कळत नाही. डोक्यावर टोपी आहे का? पेड एक की दोन? चुकलं की समजायचं, हा घरचा नव्हे."

"टोपी," बुवा म्हणाले. हा शब्द त्यांना फार आवडला. "मग? पेशी मारते त्याला?"

"ओरडते."

बुवांचा चेहरा पडला. "ओरडते? नुसती?"

"इंटरफेरॉन म्हणून एक पदार्थ बाहेर सोडते. आजूबाजूच्या पेशींना हाक. ती ऐकली की शेजारणी कामधंदा कमी करतात, कोणाची बोडकी चिठ्ठी दिसली तर तुकडे करायची हत्यारं तयार ठेवतात. मग विषाणू त्यांच्यात शिरला तरी त्याची डाळ शिजत नाही. ताप येतो, अंग मोडून येतं, ते बरंचसं त्या हाकाटीमुळेच."

"आणि जी ओरडली ती?"

"ती पुष्कळदा मरते."

बुवा म्हणाले, "समशेर हवी होती गो, बाय. ओरडणं हा काय पराक्रम?"

"मागल्या वर्षी डोंगराकडच्या कॉलनीत बिबट्या शिरला होता ना, तुम्हीच सांगत होता. पहिली बोंब कोणी मारली?"

"दूधवाल्यानं."

"त्यानं बिबट्या मारला?"

"छे! सायकल टाकून पळाला." बुवा बोलता बोलता थांबले. "पण बोंब ऐकून अख्ख्या कॉलनीनं दारं लावून घेतली. पोरं आत घेतली. वनखात्याची गाडी आली कधी, तर ऊन चढल्यावर."

"वनखात्याची गाडी म्हणजे तुमची अँटिबॉडी."

बुवांनी पेला खाली ठेवला आणि भिंतीवरच्या आरशाकडे बघत राहिले. गाणं रचताना ते नेहमी असेच कुठेतरी बघत. मग एकाएकी वळून त्यांनी विचारलं, "आणि त्या चोरानं टोपी घालूनच यायचं ठरवलं तर?"

श्रुतिका उठून उभी राहिली. "काय म्हणालात?"

"नाही, म्हणजे मी चोर असतो तर मी पहिली टोपी ढापली असती. मग पहारेकरी काय करणार?"

"बाबा," ती म्हणाली, "पाच वर्षं मी हेच करतेय. हाच प्रश्न आहे माझा. काही विषाणू खरोखरच टोपी घालून येतात. तेव्हा पहारेकऱ्याला दुसरं काय दिसतं, ते मी शोधतेय. याच्यावरच माझी पीएचडी आहे."

सीतारामबुवांना त्या क्षणी काय वाटलं ते लपवण्यात अर्थ नाही. छाती भरून आली. जिन्यातल्या त्या सगळ्या माणसांना, गुडघ्यांसकट, इथं आणून बसवावं असं वाटलं. त्यांच्या घरात कोणी पाच वर्षं एका सवालाच्या मागे लागलेलं होतं, पंचाच्या कानातलं उत्तर नसलेल्या सवालाच्या, आणि बुवा समजत होते पोर अजून शाळाच शिकतेय.

"हर्षद," ते म्हणाले, "ढोलकी चढव. समशेर कटाप. टोपी गायची."

"मामा, वाट लागेल!" हर्षद कळवळला. "नानांच्या कानात अँटिबॉडी आहे. तुम्ही खरं गा नाहीतर बरं गा, जुळणार नाही. नारळ गेला घाटकोपरला. आणि शेवटचा सामना आहे तुमचा!"

कोरसचंही तेच म्हणणं पडलं. बुवांच्या डोळ्यांसमोरून नारळ हलेना. गळ्यात काय उरलं होतं ते त्यांना ठाऊक होतं. पुढच्या वर्षी ते तिसऱ्या रांगेत बसणार होते.

"हर्षदचं बरोबर आहे," श्रुतिका हळूच म्हणाली. "बाबा, तुम्ही अँटिबॉडीच गा. सामना आहे तो, परीक्षा थोडीच आहे. मला खरंच वाईट नाही वाटणार."

"तू तुझ्या त्या प्रबंधात खोटं लिहिशील? पास व्हायला?"

"नाही."

"का?"

"का म्हणजे? खोटं आहे म्हणून."

"मग बापाला कसलं शिकवतेस?" बुवा उखडले, आणि उखडले की त्यांना बरं वाटायचं. "पाच वर्षं तू त्या पेशीजवळ बसलीस. मी आता स्टेजवरून सांगू की ती नव्हती, भलताच कोणीतरी होता? चल, तिसरी घंटा होईल. ते दुपेडी म्हणजे काय ते परत एकदा सांग."

पडदा वर गेला. पोरांनी फेर धरला, घुंगरू वाजले. बुवा माइकसमोर आले आणि डोक्यावरचा फेटा दोन्ही हातांनी नीट बसवला. प्रेक्षकांना वाटलं सवय असेल.

'चेहरा पुसेना, नाव पुसेना, बघते ती नुसतं डोकं,
घरच्या चिठ्ठीला टोपी असते, परक्याचं डोकं बोडकं!
टोपीवाचून आत जो फिरतो, घरचा कसा तो मानावा?
ज्या पेशीत तो शिरला पहिला, तिनंच पहिला जाणावा!'

लोक आधी गोंधळले. हे काय नवीन? बुवांनी ओळ परत घेतली, सावकाश, एकेक शब्द सोडवून. 'बोडकं' आलं की हर्षद ढोलकीवर अशी टपली मारायचा की लहान मुलं हसायला लागली. दुसऱ्यांदा ते आलं तेव्हा मागच्या रांगांनी तो शब्द बुवांच्या आधी म्हटला. मग बुवांनी चाल बदलली, आवाज खाली आणला.

'समशेर नाही, ढाल नाही, हाळी देते शेजारणी,
बाई गं दारं लावून घ्या, घरात शिरला माझ्या कोणी,
हाळी देता देता सरते, मागं वळून बघत नाही,
तिच्या हाकेनं वाडी जगते, तिचं नाव कोणी घेत नाही.'

बायकांच्या बाजूनं कोणीतरी "अगो बाय" म्हटलेलं स्टेजपर्यंत ऐकू आलं. वरच्या सुरावर बुवांचा घसा फाटला. त्यांनी तो फाटू दिला. आता राखून ठेवायचा कशाला? आणि शेवटी जयवंतकडे बोट करून त्यांनी उलटा टोला टाकला:

'अँटिबॉडीचं सैन्य घडेतो आठवडा जातो सारा,
तोवर सांगा जयवंतभाऊ, कोण देत होता पहारा?'

टाळ्यांनी छप्पर हललं. तिसऱ्या रांगेत रत्नप्रभा पदरानं डोळे टिपत होती आणि श्रुतिका दोन्ही हात तोंडावर ठेवून बसली होती. बुवा घामानं निथळत बाजूला झाले.

नाना काठी टेकत माइकपाशी आले. "मंडळी," ते म्हणाले, "गाणं तुम्ही ऐकलंत. असं मी बरेच दिवसांत ऐकलं नव्हतं. पण मी पंच आहे. जयवंत शाहिरांनी माझ्या कानात सांगितलं ते हे नव्हे. उत्तर जुळलं नाही."

शक्तीवाल्यांनी शिट्ट्या मारल्या, तुरेवाल्यांनी "ओऽऽ" केलं. नानांनी ताटातला हळदकुंकू लावलेला नारळ उचलून जयवंतच्या हातात ठेवला. बुवांनी पुढं होऊन त्याला मिठी मारली. रीतच आहे ती. छातीत कळ आली, नाही असं नाही. पण मघापासून भरून आलेली छाती काही रिकामी होईना, याचं त्यांना स्वतःलाच नवल वाटत होतं.

जिंकणाऱ्यानं आपलं उत्तर जाहीर सांगायचं असतं. जयवंत नारळ काखेत धरून माइकसमोर आला. "उत्तर सोपं होतं, मंडळी. अँटि..."

"त्या आठवड्याचं काय, शाहीर?" वरून, बाल्कनीतून, एका बाईनं आवाज दिला.

लोक हसले. मग आणखी कोणी ओरडलं, "हां, आठवड्याचं सांगा!" बघता बघता अर्धं थेटर तेच विचारू लागलं. जयवंतनं हात वर करून सगळ्यांना गप्प केलं आणि बुवांकडे वळला. टोमणा मारतानाचा चेहरा नव्हता तो.

"बुवा, आपण दोघं एकाच धंद्यातले. खरं सांगा. तो आठवडा यमकासाठी घातलात, की खरा आहे?"

"यमकासाठी मी जन्मभर काय काय घातलंय ते तुम्हाला माहीत आहे," बुवा म्हणाले. "पण हा आठवडा माझा नाही. तिसऱ्या रांगेत बसलीय तिचा आहे. तिलाच विचारा."

आजवर बुवांनी स्टेजवरून कोणाला उत्तर विचारायला सांगितलं नव्हतं. माइकची वायर लांबवत लांबवत तिसऱ्या रांगेपर्यंत गेली. श्रुतिका उभी राहिली. घाबरली होती, पण बोलायला लागली तशी घाबरायची विसरली.

"सर्दीवर गोळी माझ्याकडे खरंच नाही," ती म्हणाली, आणि जयवंतसकट सगळे हसले. "पण काकांची अँटिबॉडीही खोटी नाही. ती येते, आणि फार मोठं काम करते. पुढच्या वेळी तोच विषाणू आला तर ती त्याला ओळखते सुद्धा. फक्त पहिल्या भेटीत ती उशिरा येते. तोपर्यंत आपण तग धरतो ते बाबांनी गायलं त्या पेशींमुळे, आणि त्यांची हाक ऐकून धावणाऱ्या इतर पेशींमुळे. काकांनी 'पहिल्या प्रथम' म्हटलं नसतं तर त्यांचं उत्तर चाललं असतं. पण त्यांनी तोच शब्द घातला, आणि आमच्या क्षेत्रात किती तरी लोक त्या शब्दाच्याच मागे लागलेत. एवढा चांगला प्रश्न मला माझ्या परीक्षेतसुद्धा कोणी विचारला नाही."

ती खाली बसली. कोणी टाळी वाजवली नाही. लोक जयवंतकडे बघत होते.

जयवंत थोडा वेळ नारळाची शेंडी चाचपत राहिला. मग म्हणाला, "सवाल माझा होता, आणि उत्तर मलाच माहीत नव्हतं. नाना, तुमच्या कानात मी चुकीचं सांगितलं. सवाल परत घेतो."

थेटरभर कुजबुज उठली. सवाल परत घेणं म्हणजे काय, हे तिथल्या प्रत्येकाला कळत होतं. घाटकोपरच्या रांबाड्यांनी बाप-आजाच्या काळापासून सवाल परत घेतला नव्हता. नाना म्हणाले, "शाहीर, विचार करा. परत घेतलात तर हार लागते."

"लागू दे. हरलो ते हरलोच."

नारळ घेऊन तो बुवांच्या दिशेनं निघाला. बुवांचा उजवा हात आपोआप पुढं झाला. किती वर्षं वाट पाहिली होती त्या हातानं! पण जयवंत त्यांच्या समोर आला, त्यांच्याकडे बघून एक डोळा मिटला, आणि तसाच पुढं निघून स्टेजच्या पायऱ्या उतरू लागला. थेट तिसऱ्या रांगेशी जाऊन त्यानं आधी स्वतःचा कान पकडला आणि मग दोन्ही हातांनी नारळ श्रुतिकापुढे धरला.

"ओढणी धर गो, ओढणी," रत्नप्रभा तिला कोपरानं ढोसत होती. "मानाचा आहे तो, असा हातात नाही घ्यायचा!" श्रुतिकानं ओढणी पसरली. तेव्हा कुठे लोकांना टाळ्या वाजवायचं सुचलं, आणि मग त्या थांबेनात. तुरेवाले वाजवत होते, शक्तीवाले त्यांच्याहून जोरात वाजवत होते, आणि जिन्यातून बोलणाऱ्यांपैकी दोघं तर खुर्चीवर उभे राहिले होते.

स्टेजवर बुवांचा हात अजून पुढंच होता. त्यांच्या ते ध्यानात आलं, तसा त्यांनी तो अंगरख्याला पुसला.

"मामा," हर्षद ढोलकीमागून कुजबुजला, "नारळ तिकडे गेला की. तुमच्या हातात आलाच नाही."

"अरे, संध्याकाळी आपल्याच घरी यायचाय तो," बुवा म्हणाले. डोळे भरले होते आणि ते पुसायची त्यांना अजिबात घाई नव्हती. "मी जिंकून आणला असता तर उद्या त्याची सोलकढी झाली असती. हा फोडायचा नाही."